एक एकर गेली, आता उरलेली दोन?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"साहेब, मी एस.टी.त वाहक आहे. गाव लातूर जिल्ह्यात. मुलगा २०२३ ला पुण्याजवळच्या खासगी कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला, डिस्टिंक्शनमध्ये. प्रवेशाच्या वेळी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' दाखवलं होतं, मी स्वतः पाहिलंय. एक एकर विकली, वर साडेचार लाखांचं शैक्षणिक कर्ज माझ्या सहीनं काढलं. कॅम्पसमधून जी नोकरी लागली ती ऑनलाइन क्लासचे कोर्स फोनवरून विकायची. दोन महिन्यांत सुटली. मग चाकणला कारखान्यात ठेकेदारामार्फत चार महिने माल तपासणारा इन्स्पेक्टर होता, १४ हजारांवर. 'आयटीआयवाल्या पोरांच्या हाताखाली काम करावं लागतं' म्हणून सोडून आला. वर्ष होऊन गेलं, घरीच आहे. ताट खोलीत नेतो. कर्जाचे दोन हप्ते चुकले.

आता एका खासगी विद्यापीठाच्या एमबीएसाठी रोज फोन येतात. परवा त्या फोनवरच्या बाईंना जरा जोरात बोललो, नंतर वाईट वाटलं. दोन वर्षांचे साडेसात लाख, नोकरीची हमी. मुलानं १० हजार भरून सीट बुक केली, मला नंतर सांगितलं. म्हणतो, हा शेवटचा चान्स. मेव्हणे म्हणतात, पुण्यात खोली करून द्या, स्पर्धा परीक्षा करू दे. आमच्या गल्लीतला दहावी नापास पोरगा जेसीबी चालवून घर चालवतो आणि माझा शिकून बसलाय. उरलेल्या दोन एकरांतली एक विकू का? धाकटी बारावी सायन्सला आहे, तीही इंजिनिअरिंगच म्हणते. तिला नको म्हणू का?"

भाऊ, नमस्कार.

जमीन विकू नका. हे सगळ्यात वर लिहितोय, कारण तुम्ही पुढचं वाचत असतानाच फोन वाजेल आणि पलीकडून गोड आवाज येईल, "सर, आज शेवटची तारीख आहे." ती शेवटची तारीख रोजच असते.

मी कोण, तेही सांगतो. भोसरीत गिअर बनवणाऱ्या कारखान्यात सोळा वर्षं काढली आणि नंतर अकरा वर्षं एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर होतो. हॉलमध्ये तुम्ही जो पडदा पाहिलात, तसा पडदा दर जूनमध्ये मीच लावायचो. आकडा कसा शिजतो ते कुणा बापाला समोर बसवून सांगायची हिंमत तेव्हा झाली नाही. आज सांगतो.

समजा, शेवटच्या वर्षाला २४० मुलं आहेत. दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के आणि एकही विषय मागे नाही, अशी ११० निघाली. ही झाली 'पात्र' मुलं. उरलेली १३० हिशेबातून इथेच गळाली. आता मुलं मोजायची नाहीत, ऑफर लेटरं मोजायची. एकाच हुशार मुलीला तीन कंपन्यांनी घेतलं, तर तीन. अशी ९९ पत्रं झाली. ११० ला ९९ म्हणजे नव्वद टक्के. 'पात्र विद्यार्थ्यांपैकी' हे दोन शब्द पडद्यावर मावत नाहीत, त्यामुळे ते राहून जातात. या ९९ मधली २२ पत्रं दुसरी-तिसरी, म्हणजे मुलं ७७. त्यातली ३२ फोनवरून काहीतरी विकायची, नाहीतर निव्वळ कमिशनची, नाहीतर रुजूच करून न घेतलेली. राहिली ४५. दोनशे चाळिसात पंचेचाळीस म्हणजे शेकडा एकोणीसही भरत नाहीत.

आणि यात खोटं काही नाही बरं का. प्रत्येक पत्राची झेरॉक्स फायलीला लावलेली असते. कोर्स विकायचं ते पत्र तुमच्या मुलाला मिळालं होतं ना? म्हणजे कॉलेजच्या फायलीत तुमचा मुलगा आजही नोकरीला लागलेला आहे.

हे तपासायला जागा होती, पण तुम्हाला कुणी दाखवली नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तिकडे भरलेला तक्ता स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावा लागतो. अगदी तळाशी, बारीक अक्षरात त्याची लिंक असते. त्यात किती मुलांना प्रवेश दिला, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. मध्यक म्हणजे पगाराप्रमाणे मुलांना रांगेत उभं केलं तर मधोमध जो उभा राहील त्याचा पगार. ब्रोशरवर रांगेतल्या पहिल्याचा फोटो असतो. तक्ताही कॉलेजनंच भरलेला असतो, मान्य. पण अंश (नोकरी लागलेली मुलं) फुगवता आला तरी तिथे छेद (एकूण मुलं) लपवता येत नाही. हे आत्ता मुलासाठी उपयोगाचं नाही, मुलीसाठी आहे. त्यावर पुढे येतो.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे लिहिताना तुमचा हात थांबला असेल. जेसीबीवाल्याचं. भाऊ, हे तुमच्या एकट्याच्या घरात घडलेलं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारताच्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ चा आकडा असा की तरुण पदवीधरांत २९.१ टक्के बेकार, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. जवळजवळ नऊपट. वाचून माणूस म्हणतो, मग शिकवायचं कशाला? पण हा आकडा जरा उलटून पाहा. ज्याच्या घरी उद्याचं पीठ नाही, त्याला बेकार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते उचलतो. पदवीधर थांबतो. शिक्षणावर जेवढा खर्च झाला, त्याला शोभेल अशी नोकरी येईपर्यंत थांबतो. तुमचा मुलगा आळशी नाही. एक एकर विकून आणलेल्या पदवीला १४ हजार शोभत नाहीत, म्हणून तो थांबलाय. ती एकर त्याच्या डोक्यावर आहे. तुम्ही कधी बोलून दाखवली नसेल, तरी आहे.

एक गोष्ट त्याच्या हातात अजिबात नव्हती, ती म्हणजे तो बाहेर कोणत्या वर्षी पडला. वीसेक वर्षं आपल्याकडच्या कॉलेजांची झाकली मूठ आयटी कंपन्यांनी राखली. मेकॅनिकल असो, सिव्हिल असो, पोरगं अॅप्टिट्यूड टेस्ट पास झालं की उचलायचं, तीन-चार महिने स्वतः शिकवायचं आणि कामाला लावायचं. कॉलेजनं काय शिकवलं, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. आम्हीही मग लेथ-मिलिंग सोडून अॅप्टिट्यूडचे वर्ग घ्यायला लागलो. तुमचा मुलगा पास झाला ते २०२३-२४ हे आर्थिक वर्ष. त्या एका वर्षात टीसीएसची माणसं १३,२४९ नं घटली आणि इन्फोसिसची २५,९९४ नं. घटली म्हणतोय मी, नवी भरती कमी झाली एवढंच नाही. स्पंज भरला आणि पाणी खाली सांडलं. तुमचा मुलगा त्या सांडलेल्यात आहे.

खासगी कॉलेजं मुळात वाईट, असं माझं म्हणणं नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तोवर आपली पोरं डोनेशन भरायला कर्नाटकात जात होती. घरात पहिला इंजिनिअर त्यानंतर झाला, अशी हजारो घरं आहेत. बिघडलं ते पुढे. आज वर्गखोली किती चौरस मीटरची हवी हे सांगायला एआयसीटीई ही तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद आहे, फी किती घ्यायची ते ठरवायला शुल्क नियामक प्राधिकरण आहे, प्रवेश कोणत्या रांगेनं द्यायचे ते पाहायला सीईटी कक्ष आहे. मुलाला काम मिळालं नाही तर कॉलेजचं काय जातं, हे विचारायला मात्र कुणी नाही. फी आगाऊ, दरवर्षी. जागा भरली की कॉलेजपुरता विषय संपला. मग जी शाखा खपते ती उघडायची. २०१८ मध्ये एआयसीटीईनंच नेमलेल्या बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीनं सांगितलं की जागा रिकाम्या पडताहेत, नव्या वाढवू नका. २०२० पासून नवी कॉलेजं थांबलीही. २०२३-२४ ला ती बंदी उठली आणि २०२४-२५ पासून चांगली चालणाऱ्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा घ्याव्या याची वरची मर्यादाही गेली. त्याच इमारतीत, बऱ्याचदा त्याच मास्तरांच्या जिवावर, मेकॅनिकलच्या पाटीवर एआय-एमएलची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, पाटी चढली. असो. यावर मी सुटलो की थांबत नाही.

तर मुलाकडे येऊ. कॉलेजातला माझा शेवटचा कॅम्पस आठवतो. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे मॅनेजर आले होते. सहा मुलं घ्यायची होती, पगार बरा होता. मुलाखतीला बसताना त्यांनी बॅगेतून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, काढला आणि टेबलावर ठेवला, शेजारी एक छोटी बुश, म्हणजे पोकळ नळकांडं. पहिला मुलगा आला, आठ पॉइंट काहीतरी सीजीपीए. त्यांनी विचारलं, लीस्ट काउंट म्हणजे काय? मुलानं व्याख्या घडाघडा म्हटली, 'उपकरणानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप', सूत्रही सांगितलं. "छान. आता या बुशचा आतला व्यास सांग." मुलानं व्हर्नियर उचलला, उलटा केला, सुलटा केला. आतला व्यास मोजायला वरचे छोटे जबडे असतात. तो खालच्या मोठ्या जबड्यांत बुश धरायला लागला. मॅनेजर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चहाचा कप बाजूला केला. बावीस मुलं आली, दोघांनी वाचन बरोबर सांगितलं. त्यातला एक डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला होता.

संध्याकाळी मी आमच्या प्रयोगशाळेत गेलो. कपाटात चार व्हर्नियर होते, वीस मुलांच्या बॅचला. एकाचा शून्यदोष (मिटलेला असतानाही शून्य न दाखवणं) एवढा, की तो कुणी वापरतच नव्हतं. बाकी मुलं शेजारच्याच्या जर्नलमधून वाचनं उतरवायची. चार वर्षं, आठ सेमिस्टर, सगळ्या जर्नलवर सह्या आणि शिक्के.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. तुमचा मुलगा चाकणला चार महिने इन्स्पेक्टर होता म्हणता. म्हणजे त्याच्या हातात रोज व्हर्नियर होता, मायक्रोमीटर होता, गो-नो गो गेज (पार्ट मापात बसतो की नाही एवढंच सांगणारा) होता. पाळी सुरू झाली की पहिला पीस तपासायचा, रिपोर्ट भरायचा, माप बाहेर गेलं की मशिनवाल्याला थांबवायचं, रिजेक्शनचा ढीग वेगळा लावायचा. त्या बावीस मुलांना जे येत नव्हतं, ते त्याला त्या चार महिन्यांत येऊ लागलं असणार. आणि मी पैजेवर सांगतो, त्याच्या बायोडेटात हे चार महिने नाहीत. त्याला त्यांची लाज वाटते. बायोडेटात सेमिनारची सर्टिफिकेटं असतील, 'टीम प्लेअर' असेल, आणि हे नसेल.

ती लाज त्याची स्वतःची नाही, आम्ही शिकवलेली आहे. चार वर्षं त्याला ऐकवलं की तू 'मॅनेजमेंट लेव्हल'ला जाणार. आयटीआयवाला मुलगा त्याच्या वर होता कारण तो तिथे सहा वर्षं आधी आला होता. मशिनचा आवाज बदलला की त्याला कळतं. मी स्वतः भोसरीत पहिली दोन वर्षं एका फोरमनच्या हाताखाली काढली. सातवी शिकलेले. ड्रॉइंगवर चूक दिसली की ते तोंडानं सांगायचे नाहीत, पेन्सिलनं एक बारीक फुली मारून कागद माझ्याकडे सरकवायचे. मला जे काही येतं ते त्या फुल्यांमुळे.

म्हणून माझा सल्ला असा. आता त्याच्यासाठी जे काही शोधाल, त्यात पैसा त्याच्याकडे येणारा असला पाहिजे, थोडा का होईना. आणखी एक पैसा भरून नोकरी विकत घ्यायची नाही.

पहिली जागा शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पदवीधरांसाठी नॅट्स नावाची केंद्राची शिकाऊ उमेदवारी योजना आहे. पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत बसतं, नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते. एक वर्षाचं काम, वर प्रमाणपत्र. पदवीधराचं किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत ९ हजार ठरलं. बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात, कारण त्या किमान रकमेचा अर्धा वाटा सरकार उचलतं. एक अट लक्षात ठेवा: वर्षभर किंवा त्याहून जास्त अनुभव असलेल्याला यात घेत नाहीत. तुमच्या मुलाचे चार महिने त्यात अडथळा नाहीत, पण आणखी इकडे-तिकडे वेळ काढत बसू नका. नाशिकजवळच्या ओझरची एचएएल, म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी, पदवीधर शिकाऊ उमेदवार घेते. आणि भाऊ, तुमचं महामंडळसुद्धा घेतं. विभागीय कार्यशाळेच्या जाहिराती निघतात, त्यात अभियांत्रिकी पदवीधरही असतात. तुम्ही आगारात रोज जाता. कार्यशाळेच्या फोरमनला विचारायला तुम्हाला कुणाच्या ओळखीची गरज नाही. मुलाला वडिलांच्याच खात्यात जायला आवडणार नाही कदाचित. विचारून तरी पाहा.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही २०२४ मध्ये आली, तेव्हा पदवीधराला महिना १० हजार ठरले. पण तिथे बऱ्याच जागा कार्यालयातल्या टेबलाच्या असतात. मेकॅनिकलच्या मुलानं टेबलावर अर्ज लावत बसू नये, असं माझं मत.

दुसरं, त्याच चाकणच्या ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र मागवा. पीएफ कापला असेल तर यूएएन नंबर, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, असेल. तो सांभाळा, तो कामाचा पुरावा आहे. मग बायोडेटा एक पानाचा करा. वरच्या ओळीत ते चार महिने: कोणता पार्ट, कोणती मापं, कोणती उपकरणं. शिकण्यावर खर्च करायचाच असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स पाहा. ती केंद्र सरकारच्या लघुउद्योग खात्याची संस्था आहे. तिथे मशिनवर उभं करून शिकवतात. तिकडचा मुलगा आला की वाळूज-चाकणचे लोक बायोडेटा दुसऱ्यांदा वाचतात. मी वाचायचो.

आता एमबीए. एमबीए वाईट नाही; दोन-तीन वर्षं कारखान्यात काढून, राज्याची एमबीए सीईटी देऊन, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, चांगल्या कॉलेजात गेला तर मी स्वतः शाबासकी देईन. पण आज, पहिल्या पदवीला काम नाही म्हणून दुसरी पदवी, हे एका विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून त्याच आवारात दुसरी खोदण्यासारखं आहे. दोन वर्षांनी त्याच्यावर आणखी साडेसात लाख असतील आणि समोर बसलेला माणूस विचारेल, २०२४ पासून काय करत होतास? 'नोकरीची हमी' म्हणतात ना, ती त्यांच्या लेटरहेडवर मागा: अमुक पगाराची नोकरी न लागल्यास फी परत, खाली सही-शिक्का. आलेलं पत्र मला पाठवा. अकरा वर्षांत मी असं एकही पाहिलेलं नाही. कागदावर नेहमी 'प्लेसमेंट सहाय्य' असतं. आणि तुमचे हप्ते चुकलेले असल्यानं बँक दुसरं कर्ज देणार नाही. तेव्हा ते आपल्याच ओळखीची एखादी फायनान्स कंपनी पुढे करतील, 'बिनव्याजी हप्ते' म्हणून. तिथे सही करू नका.

बुकिंगचे १० हजार गेले असं समजू नका. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी लेखी प्रवेश रद्द केला, तर भरलेले पैसे परत करायचे असतात. प्रक्रिया शुल्क म्हणून त्यातले पाच टक्के, तेही ५ हजारांच्या वर नाही, कापता येतात. नंतर टप्प्याटप्प्यानं परतावा घटत जातो आणि त्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. म्हणून रोज बदलणारी ती 'शेवटची तारीख' ईमेलवर लेखी मागा. इथे ती तुमच्याच कामाला येते. मूळ मार्कलिस्ट त्यांच्याकडे दिल्या असतील तर परत घ्या. त्या ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना नाही.

बँकेत या आठवड्यातच जा. कोर्सनंतरचं एक वर्ष संपलं की हप्ते सुरू होतात, ते तुमचे झाले. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं बुडीत धरलं जातं आणि सहकर्जदार म्हणून तुमचं नाव खराब होतं. मुलीच्या वेळी तेच आडवं येईल. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, मुलाला अजून स्थिर नोकरी नाही, हप्ता लहान करून मुदत वाढवून द्या. पोचेचा शिक्का घ्या. आणि मॅनेजर जमिनीचा सात-बारा मागू लागला तर सांगा, साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी तारण घ्यायचं नसतं, त्यासाठी सरकारची हमी योजना आहे.

मेव्हण्यांना नमस्कार सांगा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या प्रवर्गाला अर्जाची फीच हजार रुपये. त्याला परीक्षा द्यायची तर देऊ दे, पण कामावर असताना, संध्याकाळी अभ्यास करून. पुण्यातल्या खोलीत नको. वर्षभर ज्याचं ताट खोलीत जातंय, त्याला आणखी एक खोली देऊ नका.

मुलीला नको म्हणू नका. भावाच्या वाट्याला जे आलं त्याची शिक्षा तिला का? उलट तिच्यासाठी दिवस बरे आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि जेवण मात्र तुमच्याकडे. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात, किंवा खासगी अभिमत वा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेलात, तर हे मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल असल्याचा) कागद आत्ताच करून ठेवा. जूनमध्ये तहसीलला रांगा लागतात.

कॉलेज निवडताना तो एनआयआरएफचा तक्ता काढून तिच्यासमोर ठेवा, भागाकार तिलाच करू द्या. आणि कामाच्या दिवशी, न सांगता, दुपारी अडीचच्या सुमारास कॉलेज बघायला जा. हॉलमध्ये नको, प्रयोगशाळेत. मशिनवर प्लास्टिक आहे की तेल, ते पाहा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन मुलींना गेटबाहेर गाठून विचारा, सुट्टीत इंटर्नशिपला कुठे गेला होतात? आणि मुलाला बरोबर न्या. कॉलेजचं काय बघायचं ते आता त्याच्याइतकं तुमच्या घरात कुणाला कळत नाही. ताटाला पाय फुटून ते खोलीबाहेर यायला एवढंही पुरेल कदाचित.

राहिला तो रोजचा फोन. तुम्ही लिहिलंय की परवा त्या बाईंना जरा जोरात बोललात आणि नंतर वाईट वाटलं. नका बोलू. एकदा त्यांना विचारा, ताई, तुमचं शिक्षण काय? दहातल्या पाच-सहा वेळा उत्तर येईल: बीई, नाहीतर एमबीए. त्यांना महिन्याला किती प्रवेश आणायचे त्याचं टार्गेट असतं. त्यांच्याही कॉलेजच्या फायलीत एक झेरॉक्स लावलेली आहे.